अणूच्या खजिन्यातून जीवशास्त्र

१२ मार्च १९४४ रोजी डॉ. होमी भाभा यांनी दोराबजी टाटा विश्वस्त निधीचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना जे पत्र धाडले, त्यात पेशींचा वा जनुकांचा विषय नव्हता. मागणी होती ती मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनशाळेची. विश्वस्तांनी ती मान्य केली, मुंबई सरकारने आपला हिस्सा उचलला, आणि १९४५ साली बंगळूरला सुरू होऊन वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात आलेल्या या संस्थेचा मोठा भार, पुढे १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते निर्माण झाल्यावर, केंद्राच्या खजिन्याने पत्करला. त्या खात्याचे सचिवही भाभाच होते. म्हणजे अर्जदार तोच आणि मंजुरी देणाराही तोच! सरकारी दफ्तराच्या शिस्तीत ही गोष्ट बसणारी नसली, तरी मुंबईत रेण्वीय जीवशास्त्राचे भाग्य उघडले ते तिच्यामुळेच.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जीवाणूंच्या जनुकांवर काम करणाऱ्या ओबेद सिद्दिकी यांचे नाव पदार्थविज्ञ लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीने भाभांपर्यंत पोहोचले, आणि १९६२ साली या अवघ्या तिशीच्या संशोधकासाठी संस्थेत स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. आधी योजना, मग जागा, मग उमेदवार ही सरकारची वहिवाट. भाभांची रीत नेमकी उलटी, आधी माणूस पारखावा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभारावा.

सिद्दिकी आरंभी जीवाणूंच्या आनुवंशिकतेत रमले. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्यासह ते फळमाश्यांकडे वळले. त्यांतील काही उत्परिवर्तित माश्यांची कुपी थोडी तापवली की त्या लुळ्या पडत, आणि निवताच काही घडलेच नाही अशा उठून चालू लागत. एखाद्या जनुकातील बिघाड मज्जातंतूतील विद्युत्संदेश कसा रोखतो, याचा माग अशा माश्यांमुळे लागला. अणुऊर्जेच्या अंदाजपत्रकात लुळ्या माशीची तरतूद कोणत्या सदराखाली मागावी, हे सांगणे कोणाही कारकुनाला अवघडच गेले असते.

व्यक्तीच्या आश्रयाचा दोष हा की आश्रयदात्याबरोबर तोही सरतो. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात भाभा गेले. परंतु तोवर अनुदान त्यांच्या मर्जीचे न राहता संस्थेच्या हक्काचे झाले होते, म्हणूनच विभाग टिकला आणि त्यातून पुढे बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले. गुणी माणूस हेरण्याचे धाडस भाभांचे. त्याच्या कामाला पुढे वर्षानुवर्षे पोसले ते मात्र रुक्ष वार्षिक अंदाजपत्रकाने, आणि मूलभूत संशोधनाच्या इतिहासात या दुसऱ्या पुण्याईची नोंद क्वचितच होते.