मुखत्यारांचे दप्तर

‘प्रॉक्सी’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या कानी प्रथम पडतो तो महाविद्यालयातील हजेरीच्या वेळी. मित्र चहाच्या टपरीवर रमलेला असता त्याचा क्रमांक पुकारला जाताच मान खाली घालून, आवाज किंचित बदलून ‘येस सर’ म्हणणे, एवढाच त्याचा अर्थ आपण जाणतो. परंतु लॅटिन मुळातून ‘प्रोक्युरसी’ या रूपाने इंग्रजीत आलेल्या आणि वापराने झिजून आखूड झालेल्या या शब्दाची कुळी पाहू गेल्यास तो आपल्या दप्तरी भाषेतील ‘मुखत्यारी’चा सख्खा भाऊ निघतो. धन्याच्या वतीने जावे, मागावे, आणि जे मिळेल ते त्याच्या स्वाधीन करावे, हे मुखत्याराचे काम. संगणकांच्या जाळ्यातील प्रॉक्सी याहून वेगळे काही करीत नाही.

दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याने केली, हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. दरबाराला दिसे तो वकील. पुण्याचा धनी पडद्याआडच राही. पण याच व्यवस्थेची दुसरी बाजू अशी, की धन्याने काय मागितले, किती निकडीने मागितले, आणि काय मिळाल्यास तो गप्प बसेल, हे सारे त्या एका माणसास ठाऊक असे. समोरच्यापासून झाकलेले सर्व काही मध्यस्थापुढे उघडे पडते, ही मुखत्यारीची जन्मजात अट होय, आणि पुढील सर्व हकीकतीत ती पाठ सोडीत नाही.

संगणकांच्या दुनियेत या मध्यस्थाची गरज प्रथम भासली ती तटबंदीमुळे. मोठ्या संस्थांनी आपल्या आतील यंत्रांभोवती फायरवॉल नावाची भिंत उभारली, तेव्हा बाहेरून कोणी आत येईनासे झाले हे खरे, पण आतल्यांनाही बाहेर जाता येईना. डेव्हिड कोब्लास यांनी रचलेली ‘सॉक्स’ ही पद्धत १९९२ मध्ये मांडली गेली, तिचा हेतू या भिंतीस एक राखणदार असलेली दिंडी पाडणे हाच होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९४ च्या मे महिन्यात, जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली असता आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस या दोघांनी वेबसाठीच्या प्रॉक्सीवर निबंध सादर केला. त्यात भिंतीपलीकडे जाण्याच्या सोयीबरोबर आणखी एक लाभ सांगितला होता: एकाने मागविलेले पान प्रॉक्सीने आपल्या कोठारात ठेवून दिले, तर दुसऱ्याने तेच मागताच समुद्रापारची खेप वाचते. १९९६ च्या सुमारास ‘हार्वेस्ट’ या प्रकल्पातून निघालेले ‘स्क्विड’ हे याच कोठारवजा कामासाठी प्रसिद्धीस आले आणि आजही चालते आहे.

ही काटकसर आपणास शिकवावी लागली नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मुंबई हे आरंभीच्या शहरांपैकी एक होते; आणि दशक संपण्यापूर्वी शहरांतील गल्ल्यांमधून सायबर कॅफेच्या पाट्या लागल्या. पुण्यात मी ज्या कॅफेत जात असे, तेथे सहा संगणक, त्यांतले पाच प्लायवुडच्या खोक्यांतून, आणि टेलिफोनची लाइन मात्र एकच. मालकाच्या टेबलाखालील यंत्रावर प्रॉक्सीचा प्रोग्राम चालू असे आणि उरलेली पाचही यंत्रे त्याच्यामार्फत बाहेर जात. कोणी चित्रांनी भरलेले पान उघडले की पाचही खोक्यांतून एकाच वेळी निःश्वास ऐकू येई; पण तेच पान शेजारच्याने मागितले तर ते क्षणात येई, आणि मालक, जणू हा चमत्कार त्याने स्वतः केला असावा अशा मुद्रेने, चष्म्यावरून पाही. कोण काय वाचतो याची यादी त्याच्या यंत्रावर उमटत असणार, हे तेव्हा आम्हां कोणाच्या मनातही आले नाही.

भ्रमणध्वनीच्या वाट्याला मध्यस्थ आला तो दुबळेपणामुळे. १९९८ मध्ये जाहीर झालेल्या ‘वॅप’ पद्धतीत फोन थेट वेबशी बोलतच नसे. मोबाइल कंपनीचे गेटवे नावाचे यंत्र पाने घेऊन, त्यांचा संक्षेप करून ती इवल्याशा पडद्याकडे धाडी. २००६ च्या जानेवारीत ‘ऑपेरा मिनी’ जगभर खुला झाला, त्याने हाच कित्ता फार कौशल्याने गिरवला: पान कंपनीच्या सर्व्हरवर शिजे आणि फोनवर फक्त वाढले जाई. ज्यांचा दर महिन्याचा डेटा मोजकाच असे, त्यांनी या ब्राउझरला मनापासून दुवा दिला. मात्र पान शिजविण्यासाठी ते उघडावे लागते, म्हणून बँकेचे कुलूपबंद पानही वाटेत एकदा त्या सर्व्हरवर मोकळे होई. थैलीवरील मोहोर फोडून, मजकूर आटोपशीर करून, नवी मोहोर लावून पुढे पाठविणाऱ्या जासुदाची कल्पना करावी.

आज ज्यास प्रॉक्सी क्लायंट म्हणतात, तो फोनमध्येच राहणारा कारकून याहून निराळा. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट भरण्याची जागा होती, पण ती दर वाय-फायसाठी वेगळी भरावी लागे आणि कित्येक ॲप तिला जुमानीत नसत. २०११ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ४.० ने साध्या ॲपलाही फोनमधील सर्व रहदारी आपल्या हाती घेण्याची मुभा दिली. आयफोनवर तशी वाट २०१५ मध्ये, आयओएस ९ बरोबर मोकळी झाली. याच दरम्यान, २०१२ मध्ये, ‘क्लोविंडी’ या टोपणनावाच्या चिनी प्रोग्रामरने ‘शॅडोसॉक्स’ प्रसिद्ध केले. सरकारी चौकीवर ओळखू न येईल अशा वेषात माहिती नेणारा हा मुखत्यार होता. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांच्या सांगण्यावरून त्याला ते काम सोडावे लागले. पण तोवर त्याच्या नकला असंख्य हातांत पोचल्या होत्या. सॉक्सने भिंत बांधणाऱ्याच्या संमतीने पाडलेली दिंडी ती हीच, येथे ती त्याच्या इच्छेविरुद्ध पडली.

या शॅडोसॉक्सवरच ‘आउटलाइन’ उभे आहे. जिगसॉ या संस्थेने ते २०१८ मध्ये वृत्तसंस्थांना डोळ्यांपुढे ठेवून काढले, आणि त्यात प्रथमच, माझ्या मते, मुखत्याराइतकेच त्याच्या दप्तराचेही भान दिसते. व्यवस्थापकाच्या संगणकावर एक ॲप, प्रत्येकाच्या फोनवर दुसरे. व्यवस्थापक माणशी एक किल्ली निर्माण करतो, किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांबलचक ओळ, ती फोनमध्ये चिकटविली की पडद्याच्या वरच्या कडेला किल्लीचे इवलेसे चिन्ह उमटते.

आमच्या अकरा जणांच्या संपादकीय चमूसाठी हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी आळसाने सर्वांना एकच किल्ली दिली. वर्षभरात दोघे नोकरी सोडून गेले, किल्ली त्यांच्यासोबत गेली, आणि एका रविवारी सर्वांचे फोन टेबलावर मांडून मला नव्याने सुरुवात करावी लागली. एका फोनचे बॅटरी वाचविण्याचे खाते इतके कर्तव्यदक्ष, की पडदा मिटताच ते क्लायंटला बडतर्फ करी. त्याला सवलतीच्या यादीत घालावे लागले. बँकेची ॲपे प्रॉक्सीची चाहूल लागताच अडून बसत. पैसे पाठवायचे म्हणून सहकारी क्लायंट बंद करीत आणि पुन्हा चालू करण्यास हमखास विसरत.

२८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन, म्हणजे याच जातीची मध्यस्थी करणाऱ्या सेवा, पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जतन करावीत असा हुकूम काढला. कचेऱ्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना तो लागू नाही, असा खुलासा मागाहून आला. किल्ल्यांची आमची वही मात्र त्या हुकुमाच्याही आधीची: नाव, फोन, किल्ली दिल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना ‘रद्द’. गेल्या पावसाळ्यात एका सहकाऱ्याचा फोन लोकलच्या गर्दीत गेला आणि ते त्याने संकोचाने तीन दिवसांनी सांगितले. मी किल्ली रद्द केली, रकान्यात तारीख घातली, आणि सहज म्हणून तिच्यापुढील वापराचा आकडा पाहिला, तर तो त्या तीन दिवसांत चाळीसेक मेगाबाइटने वाढलेला होता. ती माहिती कोठे गेली, हे पाहण्याची सोय आम्हीच, विचारपूर्वक, आमच्या आउटलाइन सर्व्हरवर ठेवलेली नव्हती.