यादी वाचणारी आणि प्रश्न विचारणारी माणसं



एस.टी. स्टँडवर पोचल्यावर ‘गॅस बंद केला होता ना?’ असं मनात येऊन पोटात धस्स झालं नाही, अशी बाई विरळाच. काम रोजचं असतं, म्हणूनच ते केलं की नाही हे आठवत नाही. हात सवयीने चालतात आणि मन दुसरीकडे असतं. आजची गोष्ट अशाच विसरण्याची आहे. फक्त ती घरातली नाही, विमानातली आहे.

३० ऑक्टोबर १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटन शहराजवळ राइट फील्ड नावाचा लष्करी तळ. तिथे बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या नव्या विमानाची चाचणी चालली होती. चालवायला होते मेजर प्लॉयर हिल, लष्कराचे कसलेले वैमानिक. सोबत बोइंगचे मुख्य चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर. विमान उडालं, नाक वर करून उभं चढत गेलं, आणि वेग संपून खाली कोसळलं. आग लागली. आतल्या पाच जणांपैकी मेजर हिल त्याच दिवशी गेले, टॉवर काही दिवसांनी.

चौकशीत कळलं की यंत्रात काहीच बिघाड नव्हता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे हलणारे भाग आपटू नयेत, म्हणून ते अडकवून ठेवायची कळ होती. उडण्याआधी ती सोडायची राहून गेली होती. एवढंच.

हे विमान एका माणसाला झेपणारं नाही, असं बोललं जाऊ लागलं. मोठी ऑर्डर दुसऱ्या कंपनीला गेली. तरीही लष्कराने त्यातली थोडी विमानं चाचणीसाठी घेतली. आता वैमानिकांपुढे प्रश्न होता, करायचं काय? जास्त शिकवायचं म्हणावं, तर हिल यांच्यापेक्षा जाणकार आणायचा कुठून? मग त्यांनी अगदी साधा उपाय काढला. उडण्याआधी काय पाहायचं, उतरण्याआधी काय, उतरल्यावर काय, हे कागदावर लिहून काढलं आणि दर वेळी ते वाचायचं ठरवलं. पाठ असलं तरी वाचायचं. हेच विमान पुढे बी-१७ म्हणून ओळखलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत अशी बारा हजारांवर विमानं बनली.

आज प्रवासी विमानात एक वैमानिक यादी वाचतो आणि दुसरा प्रत्येक गोष्ट पाहून उत्तर देतो. नुसतं ‘हो हो, झालं’ म्हणून चालत नाही.

पण यादी आहे म्हणून ती वाचली जातेच असं नाही. १६ ऑगस्ट १९८७ रोजी अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून एक प्रवासी विमान निघालं. उड्डाणाच्या वेळी पंखांच्या कडेच्या पट्ट्या बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे कमी वेगातही विमान उचललं जातं. त्या दिवशी त्या काढल्याच नव्हत्या. धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी वाचली गेली नव्हती, आणि चूक झाल्यावर वाजणाऱ्या भोंग्याला वीजच मिळत नव्हती. १५६ माणसं गेली. विमानातली एकच चार वर्षांची मुलगी वाचली. पुढे एकवीस वर्षांनी, २० ऑगस्ट २००८ रोजी, स्पेनमध्ये माद्रिदला हीच चूक पुन्हा झाली आणि १५४ जण गेले.

आणखी एक अपघात सांगायलाच हवा. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरीफ बेट. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं. एका विमानाच्या ज्येष्ठ कप्तानाने परवानगी मिळण्याआधीच विमान धावायला सोडलं. मागे बसलेल्या इंजिनियरला शंका आली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलंही. कप्तानाने ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनियर गप्प बसला. दोन्ही विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली.

मैत्रिणींनो, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. त्या माणसाला बरोबर तेच दिसलं होतं, पण मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही. हे गप्प बसणं आपल्याला नवीन आहे का?

त्यानंतर विमान कंपन्यांनी एक नवं शिक्षण सुरू केलं. धाकट्याने शंका स्पष्ट बोलायची, पुन्हा बोलायची, आणि मोठ्याने ती ऐकून घ्यायची. नुसत्या यादीने भागत नाही, ती वाचणाऱ्याला आवाजही लागतो.

हा धडा दवाखान्यातही पोचला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अशीच यादी केली. रुग्ण तोच ना, जागा तीच ना, कापसाचे बोळे मोजले ना, हे मोठ्याने विचारायचं. सुरुवातीला सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं, म्हणजे नर्सबाईंचाही आवाज एकदा फुटतो. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात आपली दिल्लीही होती. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आलं.

तेव्हा घरात सुनेने किंवा लेकीने ‘गॅस बंद केला का?’ असं विचारलं, तर ‘मला शिकवतेस का?’ म्हणू नका. उठा, आणि रेग्युलेटरला हात लावून बघा.