शाळेच्या पाटीचा भाव

परवा मलकापूरला गावी गेलो होतो. जुन्या शाळेची पाटी बघून 2023 ची दत्तक शाळा योजना आठवली. नगरपरिषद आणि खेड्यांतल्या शाळांना कंपनीचं नाव द्यायचा दर होता 5 वर्षांना 50 लाख, 10 वर्षांना 1 कोटी. कंपनीला जाहिरात, सरकारला खर्चात बचत! शिक्षक संघटना लगेच विरोधात उतरल्या.

याच कोल्हापूर संस्थानात 1917 मध्ये शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना 1 रुपया दंड!

मी स्वतः विनाअनुदानित कॉलेजचा इंजिनिअर. 1983 मध्ये वसंतदादांनी परवानगी दिली नसती तर आज कुठे असतो कोण जाणे. पण ती कॉलेजं नवी निघाली. ही शाळा आधीच आपली आहे. आपल्याच घराची पाटी कोणी विकतं का?