डोपेलबॉकची कुळकथा

डोपेलबॉक ही बव्हेरियाची गडद, दाट आणि कडक बिअर. तिचे मूळ म्युनिकमधील पाउलानर संन्याशांच्या उपवासाच्या नेमात आहे.

तिच्याआधीची ‘बॉक’ उत्तर जर्मनीतील आइनबेक गावची. ही बिअर बव्हेरियात फार खपे. म्हणून १७व्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या हॉफब्रॉयहाउस या दरबारी कारखान्याने आइनबेकचा कारागीर आणून ती तिथेच बनवायला घेतली. गावाचे नाव बव्हेरियन उच्चारात बदलत जाऊन ‘बॉक’ झाले.

पाउलानर संघ १५व्या शतकात इटलीत पाओलाच्या संत फ्रान्सिस यांनी स्थापला. त्याच्या संन्याशांना मांस, अंडी आणि दूधदुभते बाराही महिने वर्ज्य होते. १६२७ मध्ये ते म्युनिकलगतच्या आऊ भागात आले. मठातील बिअरचा पहिला लेखी उल्लेख १६३४ चा. ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांत जेवण आणखी तुटपुंजे असे, पण पेयाने उपवास मोडत नाही असे मानले जाई. त्यामुळे पोटाला आधार देईल इतकी पौष्टिक बिअर संन्याशांनी घडवली.

हा कस येतो माल्टमधून, म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेल्या जवातून. डोपेलबॉकला माल्ट भरपूर लागतो. तो अधिक उष्णतेवर वाळवल्याने तपकिरी रंग आणि खरपूस चव येते. परंपरेने माल्ट व पाण्याच्या मिश्रणाचा काही भाग वेगळा उकळून परत मिसळतात. नंतर तळाशी बसणारे यीस्ट थंडीत सावकाश आंबवण करते आणि बिअर दीर्घकाळ थंड तळघरात मुरते. सगळी साखर आंबत नसल्याने गोडसर दाटपणा टिकतो. जर्मन निकषानुसार आंबवण्यापूर्वीच्या द्रावात किमान १८ टक्के विद्राव्य घटक हवेत. मद्यार्क साधारण ७ ते ८ टक्के भरतो.

१८व्या शतकाच्या उत्तरार्धात मठातील ब्रदर बार्नाबास यांनी ही कृती पक्की केली. १७८० मध्ये राजाज्ञेने मठाला उघड विक्रीची मुभा मिळाली. १७९९ मध्ये मठ बरखास्त झाला. पुढे फ्रान्झ झाव्हर झाखर्ल यांनी कारखाना आधी भाड्याने, मग विकत घेऊन परंपरा जगवली. त्यांची बिअर ‘साल्वाटोर’, म्हणजे तारणहार, या नावाने गाजली. इतर कारखानेही तेच नाव वापरू लागल्यावर १८९६ मध्ये त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. तेव्हा इतरांनी निदान शेवट तसाच राखला: ऑप्टिमाटोर, सेलेब्राटोर, ट्रायम्फाटोर.

मठ गेला, तरी हंगाम राहिला. ईस्टरपूर्वीच्या याच काळात म्युनिकमध्ये कडक बिअरचा उत्सव भरतो आणि नॉकरबेर्ग टेकडीवर साल्वाटोरचे पिंप समारंभपूर्वक उघडले जाते.