क्रुसावरील ख्रिस्त (१६२७)

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को दे झुर्बारान (१५९८–१६६४) याने सेव्हिलमधील सान पाब्लो या डोमिनिकन मठासाठी रंगवलेले तैलचित्र. सध्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये. उंची सुमारे २.९ मीटर. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एकटा ख्रिस्त आहे. जेरुसलेम नाही, सैनिक नाहीत, शोकाकुल मेरीही नाही. मठातल्या लहानशा अंधाऱ्या प्रार्थनागृहात, जाळीपलीकडे, ते टांगलेले असे. पाहणारा प्रत्येक जण त्याला मूर्ती समजतो, असे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या पालोमिनोने १७२४ साली लिहून ठेवले. तेव्हापासून या चित्राकडे डोळे फसवणारी करामत म्हणून पाहिले जाते, आणि तेवढ्यावरच थांबणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

सेव्हिलमध्ये लाकडी मूर्ती मूर्तिकार कोरी, पण तिला कातडीचा रंग चढवण्याचे काम चित्रकाराकडे असे. मूर्तिकार मोंतान्येसने १६०३ ते १६०६ दरम्यान घडवलेला प्रसिद्ध क्रुसावरील ख्रिस्त पाचेको या चित्रकाराने रंगवला. ख्रिस्त क्रुसावर चार खिळ्यांनी ठोकलेला दाखवावा, असा आग्रह याच पाचेकोने धरला होता, आणि झुर्बारानच्या चित्रातही दोन्ही पायांना वेगवेगळा खिळा आहे. पाय फळीवर टेकल्यामुळे देह पिळवटत नाही, सरळ उभा राहतो. मग ही निव्वळ मूर्तीची नक्कल नव्हे काय? नव्हे, कारण मूर्तीवरचा उजेड मेणबत्तीबरोबर हलतो, इथे तो चित्रकाराने कायमचा ठरवून दिला आहे. कटिवस्त्र पाहावे: उजेडाकडच्या चुण्या जवळजवळ पांढऱ्याशुभ्र, कडा धारदार, आणि दुसऱ्या बाजूला तेच कापड काळोखात बुडते. शिवाय क्रुसाच्या पायथ्याशी कागदाचा एक तुकडा रंगवून त्यावर चित्रकाराने आपले नाव आणि साल लिहिले आहे. ज्याला केवळ फसवायचे असते, तो अशी सही करत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रक्त नाममात्र, आक्रोश नाही, मग याला बरोक या नाट्यमय शैलीतले का म्हणावे? अँटवर्पच्या कॅथीड्रलमधील फ्लेमिश चित्रकार रूबेन्सच्या ‘क्रूस उभारणी’त (१६१०–११) ताणलेले स्नायू आणि माणसांची झटापट आहे. पण रूबेन्स घटना घडताना दाखवतो. झुर्बारानचे चित्र घटना संपल्यानंतरचे आहे, प्रार्थनेला बसलेल्याने दीर्घकाळ पाहावे असे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली चित्रांकडून भक्ती जागवण्याची अपेक्षा केली होती, आणि त्यासाठी गोंगाटच हवा असे नाही. बरोकचे नाट्य इथे उजेड आणि काळोख यांच्या झगड्यात आहे. रक्ताचे ओघळ वाढवले असते तर नजर जखमांवरच अडली असती. आता ती देहाच्या भाराकडे जाते.