गिअरबॉक्सचं नाव तेच, दाते वेगळे

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'टाटा सफारीची इंजिनं बदलत गेली, गिअरबॉक्स मात्र तोच राहिला.' मला ते फार आवडलं होतं. गाईडबाईंनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'कशावरून?' त्या एका शब्दात माझे चार महिने गेले. ते कसे गेले हे सांगते, कारण यंत्रांच्या इतिहासावर काम करायचं तुमच्या मनात असेल तर हा खड्डा तुमच्याही वाटेत येणार आहे.

माझा पुरावा होता ब्रोशरचा. सफारी १९९८ मध्ये आली तेव्हा तिच्यात १९४८ सीसीचं टर्बो डिझेल इंजिन होतं आणि त्याचा टॉर्क सुमारे १९० न्यूटन-मीटर होता. २००५ मध्ये ३ लिटरचं डायकॉर आलं, ३०० न्यूटन-मीटरचं. २००७ मध्ये २.२ लिटरचं डायकॉर आलं, ते ३२० चं. म्हणजे नऊ वर्षांत टॉर्क जवळपास ६८ टक्क्यांनी वाढला. ब्रोशरची पहिली पानं या इंजिनांच्या कौतुकाने भरलेली असतात. गिअरबॉक्सला शेवटच्या पानावरच्या तक्त्यात एक ओळ मिळते, 'जी-७६-५/४.१०', आणि पुढे त्याच नावाला 'मार्क-टू' असं शेपूट लागतं. मी नाव वाचलं आणि शेपूट सोडून दिलं.

आता थोडं गणित, घाबरू नका. त्या नावातला ५ म्हणजे पाच गिअर, ४.१० म्हणजे पहिल्या गिअरचं गुणोत्तर. चढावर पहिल्या गिअरमध्ये पूर्ण जोर लावला तर १९० चे बाहेर ७७९ न्यूटन-मीटर होतात आणि ३२० चे १३१२. जाहिरात हॉर्सपॉवरची असते, पण दात्यांवर भार पडतो तो टॉर्कचा. त्यातही कॉमन-रेल डिझेल हा टॉर्क १७०० आरपीएमपासूनच देतं, म्हणजे रोजच्या रहदारीत दाते पूर्ण भाराखाली येतात.

दाता दोन प्रकारे मरतो. एकतर मुळाशी वाकून तुटतो. हा ताण कसा मोजायचा ते विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ मध्ये फिलाडेल्फियात मांडलं, आणि आपल्याकडे डिप्लोमाच्या मुलांनाही अजून तिथूनच सुरुवात करावी लागते. हा ताण टॉर्कच्या सरळ प्रमाणात वाढतो. दुसरं मरण हळू येतं : दोन दाते जिथे एकमेकांवर दाबले जातात तिथे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. हा दाब टॉर्कच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे ६८ टक्के टॉर्कला साधारण ३० टक्के. आकडा लहान वाटतो, पण दात्याचं आयुष्य त्यापेक्षा फार वेगाने घटतं.

मग गिअरबॉक्स सरळ मोठा का करत नाहीत? दात्यांची पेलण्याची ताकद ढोबळमानाने दोन शाफ्टमधल्या अंतराच्या घनाने वाढते. त्यामुळे १.६८ पट टॉर्कसाठी १०० मिलिमीटरचं अंतर ११९ करावं लागेल. कागदावर एवढंच. कारखान्यात मात्र त्याने हाउसिंगचा साचा बदलतो, बोअरिंगचं फिक्स्चर बदलतं, गाडीच्या पोटातली जागा आणि प्रोपेलर शाफ्टची लांबीही बदलते. आमच्या मोशीला लागून असलेल्या चिखली-पिंपरी पट्ट्यात १९६६ पासून टेल्कोने आधी टूलरूम आणि मशीन टूल उभे केले, गाड्या नंतर. अशा ठिकाणी एक बोअर वीस मिलिमीटर सरकवणं म्हणजे अख्खी ओळ हलवणं. म्हणून वाहन उद्योगात बहुतेक वेळा बाहेरचं माप तसंच ठेवून आतलं बदलतात.

आतलं म्हणजे काय? दात्यांची रुंदी दोन-तीन मिलिमीटर वाढवायची. २० एमएन सीआर ५ सारख्या पोलादाला कार्ब्युरायझिंग करून वरची कातडी साठच्या आसपास रॉकवेल कडक आणि गाभा चिवट ठेवायचा. उष्णतेने दाता वेडावाकडा होतो, म्हणून नंतर ग्राइंडिंग करायचं. मुळाशी शॉट पीनिंग, म्हणजे पोलादाचे बारीक छर्रे मारून पृष्ठभाग दाबून टाकायचा. हे तंत्र १९४० च्या दशकात जनरल मोटर्सच्या जॉन ॲल्मेन यांनी शास्त्रशुद्ध केलं. भोसरीतल्या पीनिंगवाल्याकडे जा, तो अजूनही 'ॲल्मेन पट्टी' लावूनच तपासतो. शिवाय बेअरिंग, सिंक्रो रिंग, क्लचप्लेटचा व्यास, ऑईल. यातली एकही गोष्ट बाहेरून दिसत नाही आणि नाव बदलायला भाग पाडत नाही.

कधीकधी मात्र नुसतं आतून सांभाळून भागत नाही. प्यूजोच्या बीए-१० गिअरबॉक्सचं उदाहरण बघा. अमेरिकेत १९८७ पासून तो जीपच्या ४ लिटर, सहा सिलिंडर इंजिनामागे बसवला. त्याची इतकी बदनामी झाली की १९८९ मध्येच त्याच्या जागी आयसिनचा एएक्स-१५ आला. आपल्याकडे मात्र महिंद्राच्या जीपमध्ये तोच बीए-१० सौम्य डिझेलमागे वर्षानुवर्षं चालला. बॉक्स वाईट होता की इंजिन जास्त होतं, हा प्रश्न चुकीचा आहे. जोडी बघायची असते.

सगळं वाचून झालं, तरी 'कशावरून' उरलंच होतं. शेवटी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, नाव काय वाचतेस? पार्ट नंबर बघ. आणि कुदळवाडीत जा, तिथे किलोवर मिळतात."

त्यांच्या ओळखीने एकाच मॉडेलच्या पिकअपचे दोन लेशाफ्ट मिळाले, एक जुना, एक नंतरचा. (सफारीचे नव्हेत, पण डोळे तयार करायला पुरेसे.) शाफ्टची लांबी तंतोतंत सारखी. व्हर्नियर लावला तर नव्याचा दुसरा गिअर अडीच मिलिमीटर रुंद निघाला, आणि ती जागा शेजारच्या खाचेतून काढलेली. जुन्याच्या दात्यांवर खड्डे होते. नव्याच्या मुळाशी छर्र्यांचा मंद, खरखरीत पोत होता. बोटाला आधी कळला, भिंगाने नंतर दिसला. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये नव्हतं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झालाय. आधी पार्ट कॅटलॉग : नंबर कोणत्या साली बदलला? मग सर्व्हिस मॅन्युअल : ऑईलचा ग्रेड किंवा प्रमाण बदललं का? मग प्रत्यक्ष भाग. ब्रोशर सगळ्यात शेवटी. याच नजरेने २०१५ च्या अखेरीकडे परत पाहिलं. सफारी स्टॉर्मचं व्हॅरिकॉर ४०० इंजिन ४०० न्यूटन-मीटरचं होतं आणि त्याच्याबरोबर नवा सहा गिअरचा बॉक्स आला. मी त्याची नोंद 'हायवेसाठी सहावा गिअर, ग्राहकांची सोय' अशी केली होती. आता वाटतं, सोय होतीच, पण त्या टॉर्कचा हिशेब आधी मांडायला हवा होता. हे अनुमान आहे आणि प्रकरणात ते अनुमान म्हणूनच लिहिलंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अतिक्रमणविरोधी कारवाईत कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली गेली. माझे लेशाफ्ट त्याआधीचे. ज्यांच्याकडून घेतले ते दुकानदार आता कुठे आहेत हे काका शोधतायत, कारण मला अजून दोन सालांचे हवेत. तोवर हे दोन माझ्या टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून, ऑईल लावून ठेवलेत. आईला ते आवडत नाही. मसुद्यातलं ते वाक्य काढून टाकलंय, त्याच्या जागी सध्या एक तक्ता आहे : साल, इंजिन, टॉर्क, पार्ट नंबर. शेवटच्या रकान्यात तीन घरं रिकामी आहेत.