वकिली सोडल्यानंतर

चिमूरचे नाव निघाले की १६ ऑगस्ट १९४२ हा दिवस आठवतो. नागपंचमीच्या त्या दिवशी गोळीबार झाला, माणसे पडली, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. पाठोपाठ आलेल्या फौजेने गावातील स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आम्हाला येथे बोलायचे आहे ते एका वकिलाबद्दल. चिमूर त्या काळी ज्या वरोरा तहसिलीत मोडत असे, तिच्याच मुख्य गावी त्याचे बस्तान होते, आणि बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्यांच्या बचावासाठी वकील उभे करण्यात त्याने पुढाकार घेतला होता.

हा विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. हल्ली आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा मुलगी कंपनीतली भल्या पगाराची नोकरी सोडते आणि स्वतःचे काहीतरी उभारायला निघते. आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. नातेवाईक धाडसाचे कौतुक करतात किंवा वेड म्हणून मोकळे होतात. पण राजीनामा हा एका दिवसाचा मामला. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म १९१४ सालचा, हिंगणघाटचा. घरी जमीनदारी. तरुणपणी त्यांच्याकडे मोटार होती आणि तिच्या आसनांना बिबट्याचे कातडे लावलेले होते. ते इंग्रजी नियतकालिकात चित्रपटांची परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार करीत. वरोऱ्यास वकिली उत्तम चालली. मात्र पाव तासाच्या युक्तिवादाला आपल्याला पन्नास रुपये मिळतात आणि मजुराला बारा तास राबून बारा आणे, हा हिशेब त्यांना डाचू लागला. पुढे त्यांनी वरोऱ्यात श्रमाश्रम काढला. १९४६ साली इंदू घुले या सुखवस्तू घरातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्याच साधनाताई.

वकिली सुटण्यामागे केवळ विचार होता असे मात्र नव्हे. एका पावसाळी रात्री वाटेच्या कडेला तुळशीराम नावाचा मरणासन्न कुष्ठरोगी पाहून आमटे पळून गेले. गांधीजींनी ज्याला ‘अभय साधक’ म्हटले होते तो हा माणूस! स्वतःचीच लाज वाटून ते परतले आणि त्याच्या अखेरपर्यंत त्यांनी त्याची शुश्रूषा केली. त्यानंतर कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी या रोगाचे शिक्षण घेतले.

आपल्या वाचकांना येथे मोलोकाईचे फादर डेमियन आठवतील. पण १८८९ साली डेमियन त्याच रोगाने वारले तेव्हा त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. तो मिळण्याची सुरुवात १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे झाली. तेथील रुग्णांची शुश्रूषा १८९६ पासून डॉटर्स ऑफ चॅरिटी संघाच्या धर्मभगिनी करीत होत्या, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. म्हणजे आमट्यांच्या काळी औषध आले होते, पण बऱ्या झालेल्या माणसाला गाव परत घेत नव्हते. त्याला काम कोण देणार? आनंदवन निघाले ते या प्रश्नातून.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. तिच्यावर दगड, झुडपे, विंचू आणि साप. १९५१ साली आमटे दांपत्य आपली दोन लहान मुले घेऊन तेथे राहावयास गेले, तेव्हा जवळ चौदा रुपये, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा होता. प्रथम विहीर खणली. झडलेल्या बोटांनी दगड फोडणे म्हणजे काय, याची कल्पना आपण घरी बसून करू शकत नाही. पाणी लागले, भाजी आली, दूध निघू लागले, आणि मग खरा पेच पडला. वरोऱ्यात ते कोणी घेईना!

यास सेवा म्हणा की उद्योग, पेच नव्या धंद्याचाच होता. माल चोख आहे, पण तो करणाऱ्या हातांवर गिऱ्हाइकाचा विश्वास नाही. दयेपोटी देणगी देणारे भेटले असते. पण देणगी घेणारा रोगी भिक्षेकरीच राहिला असता. आमट्यांना देणगीदारापेक्षा गिऱ्हाईक हवे होते. १९५४ साली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी तरुण आनंदवनात श्रमदानासाठी आले. त्यांनी इस्पितळाच्या बांधकामात हात लावला आणि रुग्णांनी पिकवलेलेच अन्न खाल्ले. गोरे पाहुणे खातात हे पाहिल्यावर गावाची भीड चेपली. आपल्या समाजाला शहाणपणासाठीही परदेशी साक्षीदार लागावा, याची आम्हाला गंमत वाटते आणि थोडी खंतही. असो. पुढे हातमाग, पत्र्याचे डबे, छपाई असे उद्योग आले. १९६७ साली सोमनाथ आणि १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे नवी कामे निघाली.

या साऱ्यात साधनाताईंची बाजू ‘समिधा’ या त्यांच्या आत्मकथनात वाचावयास मिळते. नोकरी सोडू पाहणाऱ्या मुलांनी बाबांची चरित्रे जरूर वाचावीत; पण त्यांच्याशी लग्न ठरलेल्या मुलींनी, आणि मुलांनीही, आधी ‘समिधा’ वाचावे असे आम्ही सुचवू.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. रिवाजाप्रमाणे त्यांचे दहन झाले नाही. आनंदवनाच्या त्याच जमिनीत त्यांना पुरले, आणि २०११ साली साधनाताईंनाही तेथेच ठेवण्यात आले.